हिरवळीचे तंटे आणि शेजारधर्म

महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनात बांधावरचे भांडण ही काही नवी गोष्ट नव्हे. बांध कोरला, बांधावरचे झाड तोडले, झाडाची सावली पिकावर पडली, अशा कारणांवरून सख्ख्या भावांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालणारे दावे आपल्या परिचयाचे आहेत. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाला आपण हे सारे मागे टाकून आलो, असे वाटत असते. न्यू जर्सी, टेक्सास किंवा कॅलिफोर्नियातील एखाद्या आखीवरेखीव वसाहतीत तो घर घेतो आणि एके दिवशी टपालाने पत्र येते. अंगणातील गवत ठरलेल्या उंचीपेक्षा वाढले आहे, दर्शनी भागात लावलेली झुडपे मंजूर यादीत नाहीत, अमुक दिवसांत दुरुस्ती न केल्यास दंड आकारण्यात येईल, असा त्यातील मजकूर असतो. पत्राखाली सही असते ती घरमालक संघटनेची. तक्रार कोणी केली, याचा उल्लेख बहुधा नसतो. बांध इथेही आहे. फक्त त्या बांधावर उभा राहून भांडणारा शेजारी दिसत नाही.

शेजाऱ्याचे हे अदृश्य होणे हेच अमेरिकी वसाहतींमधील बागकामाच्या वादांचे मूळ दुखणे आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तेथील अनेक राज्यांनी कायदे करून संघटनांच्या अधिकारांना वेसण घातली आणि ते योग्यच झाले. परंतु कायदा दंड थांबवू शकतो, दोन घरांमधील संवाद तो सुरू करून देऊ शकत नाही. हा वाद कोठे सुटतो आणि कोठे चिघळतो, हे पाहायचे तर आधी या संघटनांचे स्वरूप समजून घेतले पाहिजे.

खासगी ग्रामपंचायत

‘होमओनर्स असोसिएशन’ किंवा तेथील प्रचलित भाषेत ‘एचओए’ ही आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची अमेरिकी बहीण म्हणता येईल, पण सख्खी नव्हे. आपल्याकडे सदस्य एकत्र येऊन संस्था नोंदवतात. तेथे विकासक पहिले घर विकण्यापूर्वीच वसाहतीच्या अटींचा दस्त सरकारदरबारी नोंदवून ठेवतो. या अटी व्यक्तीला नव्हे, जमिनीला चिकटलेल्या असतात. जो घर घेईल त्याने त्या वाचल्या असोत वा नसोत, त्या त्याच्यावर बंधनकारक ठरतात. घराचा रंग, कुंपणाची उंची, कचऱ्याचा डबा कोठे ठेवावा, इतकेच नव्हे तर दर्शनी अंगणात कोणते गवत असावे, येथपर्यंत या अटींची मजल जाते. अटी मोडल्यास दंड होतो आणि वर्गणी थकल्यास घरावर बोजा चढवण्याचा अधिकारही संघटनेला मिळतो.

या व्यवस्थेचा पसारा लहान नाही. या क्षेत्रातील ‘कम्युनिटी असोसिएशन्स इन्स्टिट्यूट’ या संस्थेच्या अंदाजानुसार १९७० मध्ये अशा सुमारे १० हजार संघटना होत्या. आज त्यांची संख्या साडेतीन लाखांच्या पुढे गेली असून, त्यांच्या कक्षेत सात कोटींहून अधिक लोक राहतात. फ्लॅटधारकांच्या संघटनाही या आकड्यांत धरल्या आहेत. थोडक्यात, करांइतकीच नियमित वर्गणी घेणारी, नियम करणारी, दंड ठोठावणारी ही एक खासगी ग्रामपंचायतच आहे. तिचे पदाधिकारी मात्र संध्याकाळी कामावरून परतल्यावर विनावेतन बैठकांना बसणारे साधे रहिवासी असतात. त्यांना ना कायद्याचे प्रशिक्षण असते, ना वनस्पतींची ओळख.

गवताची प्रतिष्ठा

एवढे सारे नियम गवतासाठी कशाला, असा प्रश्न आपल्याला पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर इतिहासात आहे. उपनगरांतील घरांच्या परिसराविषयी फ्रँक स्कॉट या लेखकाने १८७० मध्ये एक पुस्तक लिहिले. दर्शनी अंगणांना कुंपण घालून ती शेजाऱ्याच्या नजरेआड करणे हे शेजारधर्माला सोडून आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. एका घराची हिरवळ दुसऱ्या घराच्या हिरवळीत मिसळत जावी आणि सारा रस्ताच एखाद्या उद्यानासारखा दिसावा, ही ती कल्पना. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूयॉर्कजवळ उभ्या राहिलेल्या लेव्हिटटाउन या प्रचंड वसाहतीने ही कल्पना नियमांत उतरवली. तेथे कुंपणाला मनाई होती आणि हंगामात आठवड्यातून एकदा गवत कापणे बंधनकारक होते.

हाच इतिहास एक कटू गोष्टही सांगतो. लेव्हिटटाउनच्या सुरुवातीच्या करारांत कृष्णवर्णीयांना घर वापरू न देण्याची अटही होती. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा वांशिक अटींची न्यायालयामार्फत अंमलबजावणी करता येणार नाही, असा निकाल दिला. गवत कापण्याचा नियम आणि माणसे वगळण्याचा नियम हे एका तोलाचे नव्हेत, हे उघडच आहे. परंतु ‘वसाहतीचे रूप बिघडेल आणि घरांच्या किमती उतरतील’ हा युक्तिवाद दोन्हीकडे वापरला गेला, हे विसरून चालणार नाही. म्हणूनच ‘आपल्या वसाहतीत हे शोभत नाही’ असे वाक्य एखाद्या स्थलांतरित कुटुंबाच्या कानी पडते, तेव्हा त्यात गवताच्या पलीकडचे काहीतरी ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात तसे नसले, तरीही ऐकू येते. वाद चिघळण्याचे हे एक कारण आहे.

पाण्याने बदललेला कायदा

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का दिला तो पाण्याने. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार घरगुती वापराच्या पाण्यापैकी जवळजवळ एक तृतीयांश पाणी अंगणाच्या शिंपणावर खर्च होते. पश्चिमेकडील कोरड्या राज्यांत हे प्रमाण आणखी जास्त आहे. कॅलिफोर्नियात जानेवारी २०१४ मध्ये दुष्काळाची आणीबाणी जाहीर झाली. एकीकडे सरकार पाणी वाचवा म्हणून सांगत होते आणि दुसरीकडे गवत पिवळे पडले म्हणून संघटना दंडाच्या नोटिसा काढत होत्या. नागरिकाने कोणाचे ऐकायचे, असा पेच निर्माण झाला. त्याच वर्षी राज्याने कायदा करून दुष्काळाच्या काळात पाणी कमी घातल्याबद्दल दंड करण्यास मनाई केली आणि कमी पाण्यावर जगणारी झाडे लावण्यास संघटनांना बंदी घालता येणार नाही, असेही स्पष्ट केले.

टेक्सासने याबाबतीत एक वर्ष आधीच, २०१३ मध्ये पाऊल टाकले होते. तेथे दुष्काळाला तोंड देणारी बाग संघटनेला सरसकट नाकारता येत नाही. आराखडा मागण्याचा अधिकार तिला आहे, पण अवाजवी कारणाने तो फेटाळण्याचा नाही. नेवाडाने २०२१ मध्ये आणखी कठोर भूमिका घेतली. लास व्हेगासच्या परिसरात केवळ शोभेसाठी राखलेल्या सामायिक गवताला कोलोरॅडो नदीचे पाणी घालण्यास १ जानेवारी २०२७ पासून बंदी, अशी मुदतच कायद्याने ठरवली. स्वतंत्र घरांची खासगी अंगणे त्यातून वगळली आहेत. कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये, कमी पाण्याच्या बागेचे किमान तीन पूर्वमंजूर आराखडे संघटनांनी रहिवाशांना उपलब्ध करून द्यावेत, असा नियम केला. ही शेवटची तरतूद विशेष उल्लेखनीय वाटते. ‘काय लावू नये’ हे सांगणाऱ्या संघटनेला ‘काय लावता येईल’ हे आधी सांगायला तिने भाग पाडले.

कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये दंडाच्या रकमेलाही मर्यादा घातली. आरोग्य वा सुरक्षिततेचा प्रश्न नसेल, तर एका नियमभंगासाठी १०० डॉलरपेक्षा अधिक दंड आता करता येत नाही. दिवसागणिक वाढत जाणाऱ्या दंडाच्या धाकाने बाग उखडून टाकण्याची वेळ त्यामुळे सहसा येऊ नये.

एक वाद आणि एक कायदा

मेरीलँड राज्यातील कोलंबिया या शहरातील प्रकरण या सर्व चर्चेत बोधप्रद आहे. तेथील एका दाम्पत्याने अंगणातील गवत काढून स्थानिक फुलझाडे, झुडपे आणि वेली लावल्या. रासायनिक खते नाहीत, कीटकनाशके नाहीत. फुलपाखरे आणि पक्षी मात्र भरपूर. शेजाऱ्याला ती बाग म्हणजे माजलेले रान वाटे आणि त्याने संघटनेकडे वारंवार तक्रारी केल्या. २०१७ मध्ये संघटनेच्या वतीने पत्र आले की बाग काढून पुन्हा गवत लावावे. दाम्पत्याने नकार दिला, वकील नेमला आणि प्रकरण न्यायालयात गेले. २०२० च्या अखेरीस तडजोड झाली. बाग बहुतांशी तशीच राहिली. शेजाऱ्याच्या हद्दीलगतची आणि पदपथालगतची काही लागवड तेवढी मागे घ्यायची ठरली. या प्रकरणाची दखल घेऊन मेरीलँड विधिमंडळाने २०२१ मध्ये कायदा केला. परागीभवनाला पोषक बागा, पावसाचे पाणी मुरवणाऱ्या बागा, कमी पाण्याच्या बागा यांवर संघटनांना आता तेथे अवाजवी निर्बंध घालता येत नाहीत.

एका कुटुंबाच्या चिकाटीने सबंध राज्याचा कायदा बदलला, हे कौतुकास्पदच आहे. परंतु तडजोडीचा तपशील पुन्हा एकदा पाहावा. तीन वर्षांच्या पत्रव्यवहारानंतर, वकिलांच्या शुल्कानंतर आणि मनःस्तापानंतर जो तोडगा निघाला, तो हद्दीवरच्या काही फुटांच्या पट्ट्याचा होता. बागेवर प्रेम करणाऱ्याला बाग हवी होती, शेजाऱ्याला ती आपल्या अंगावर येऊ नये असे वाटत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य होत्या. हा पट्टा सुरुवातीलाच दोघांनी कुंपणाशी उभे राहून ठरवला असता, तर तो तंटा तेथेच मिटण्याची शक्यता होती. अर्थात तसे झाले असते तर कदाचित कायदाही झाला नसता. पण प्रत्येक कुटुंबाने राज्याचा कायदा बदलण्यासाठी आपली तीन वर्षे खर्ची घालावीत, अशी अपेक्षा कोणी करू नये.

वादाची जात ओळखावी

बागेचे वाद एकाच प्रकारचे नसतात आणि त्यांची गल्लत केली की उपाय चुकतो. पहिला प्रकार नियमाचा: करारातील अट मोडली आहे काय, हा प्रश्न संघटना आणि सदस्य यांच्यातला आहे. दुसरा प्रकार हद्दीचा आणि नुकसानीचा: फांदी, मूळ, पाण्याचा निचरा, कुंपण. हा दोन मालकांमधला कायदेशीर प्रश्न आहे आणि संघटनेचा त्यात फारसा संबंध नसतो. तिसरा प्रकार निव्वळ आवडीनिवडीचा. शेजाऱ्याची बाग आपल्याला आवडत नाही, एवढ्यावरून तिच्याविरुद्ध कोणताही हक्क निर्माण होत नाही. व्यवहारात असे दिसते की तिसऱ्या प्रकारची नाराजी पहिल्या प्रकारच्या तक्रारीचे रूप घेऊन संघटनेच्या दारात उभी राहते.

हद्दीच्या वादांबाबत अमेरिकी न्यायालयांची भूमिकाही एकसारखी नाही. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९३१ मध्ये असे ठरवले की शेजारच्या झाडाच्या मुळांनी सांडपाण्याची नळी तुंबली तरी दावा लावता येणार नाही. मुळे आपल्या हद्दीपर्यंत स्वतः छाटावीत. व्हर्जिनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००७ मध्ये आपला जुना नियम सोडून, झाडामुळे प्रत्यक्ष नुकसान होत असेल तर मालकाला जबाबदार धरता येईल, असा निर्णय दिला. स्वतः छाटण्याच्या अधिकारालाही मर्यादा आहेत. कॅलिफोर्नियातील एका प्रकरणात शेजाऱ्याने हद्दीवर खोल खणून मुळे तोडली आणि त्यामुळे झाडच काढून टाकण्याची वेळ आली. तेथील अपील न्यायालयाने १९९४ मध्ये बजावले की आपल्या जमिनीतसुद्धा वाजवी काळजी घेऊनच छाटणी केली पाहिजे. त्याच राज्याच्या कायद्यानुसार, ज्या झाडाचे खोड दोघांच्या जमिनीत उभे आहे, ते दोघांच्या सामायिक मालकीचे असते. तेव्हा करवत उचलण्यापूर्वी मोजणी करून घेणे हे शहाणपणाचे ठरते. आपल्या गावच्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगावे लागत नाही.

प्रक्रियेचा आधार

वाद नियमाचा असेल, तर पहिले काम म्हणजे मूळ दस्त वाचणे. नोटिशीत नेमके कोणते कलम उद्धृत केले आहे, ते खरोखर नोंदलेल्या दस्तात आहे की कार्यकारी मंडळाने नंतर केलेल्या उपनियमात, आणि तेच कलम इतर घरांना लावले जाते काय, हे तीन प्रश्न विचारावेत. दस्तातील अटी न्यायालये सहसा मान्य करतात. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्येच, मांजरे पाळण्यावरील बंदीच्या एका दाव्यात, अशा अटी मनमानी किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध नसतील तर त्या वाजवी मानाव्यात, असे म्हटले होते. मात्र एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा, अशी अंमलबजावणी झाली असेल, तर संघटनेची बाजू लंगडी पडते. छायाचित्रे, तारखा आणि पत्रांच्या प्रती जपून ठेवण्याचे महत्त्व येथे आहे.

दुसरे म्हणजे, न्यायालयापूर्वीच्या पायऱ्यांचा उपयोग करावा. कॅलिफोर्नियात सदस्याने लेखी मागणी केल्यास मंडळाच्या प्रतिनिधीला त्याच्याशी समोरासमोर बसून बोलावे लागते, त्याला नाही म्हणता येत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेता येत नाही. फ्लोरिडात घरमालक संघटनांच्या बहुतेक वादांत दाव्यापूर्वी मध्यस्थीची अट आहे. मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत, संघटना आणि रहिवासी तसेच रहिवासी आणि रहिवासी यांच्यातील वादांसाठी संघटनेने न्यायालयाला पर्यायी व्यवस्था ठेवलीच पाहिजे, असा नियम आहे. शिवाय तोडगा सुचवणारी व्यक्ती मंडळाची सदस्य किंवा वादाशी संबंधित असता कामा नये. या सोयी कागदावर राहतात, त्याचे कारण त्या मागाव्या लागतात आणि बहुतेकांना त्या ठाऊकच नसतात.

या साऱ्यात तक्रारदार शेजाऱ्याला खलनायक ठरवण्याचा मोह टाळला पाहिजे. घर ही सर्वसामान्य अमेरिकी कुटुंबाची सर्वांत मोठी पुंजी असते. पलीकडच्या अंगणातील वाढलेल्या झुडपांमुळे उंदीर-सापांची भीती वाटणे, वेली आपल्या कुंपणावर चढणे, पाणी आपल्या तळघराकडे वाहणे, या चिंता खोट्या नसतात. पर्यावरणाच्या नावाखाली निव्वळ दुर्लक्ष खपवून नेणारेही असतात. बागेचा हेतू दिसावा लागतो. कडेने नीट राखलेली वाट, पदपथालगत ठेंगणी झाडे, झाडांची नावे सांगणारी लहानशी पाटी, एवढ्याने ‘हे रान नव्हे, बाग आहे’ हे पाहणाऱ्याला कळते. काम सुरू करण्यापूर्वी शेजाऱ्याला आराखडा दाखवणे हा कायद्याने घातलेला दंडक नाही. पण तो केल्याने अर्ध्या तक्रारी जन्मालाच येत नाहीत.

आपल्यासाठी धडा

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. महाराष्ट्राच्या शहरांत अंगण बहुधा संस्थेचे असते, त्यामुळे वाद गवताचा नसून झाडाचा असतो. फांद्यांनी उजेड अडतो, पाला गच्चीवर साचतो, मुळे टाकीला धक्का लावतात, आणि तळमजल्यावरच्या रहिवाशाने प्रेमाने वाढवलेले झाड चौथ्या मजल्याला नकोसे होते. आपल्याकडे १९७५ च्या नागरी क्षेत्र वृक्ष संरक्षण कायद्याने झाड तोडण्यासाठी वृक्ष अधिकारी वा वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आवश्यक केली आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्ष म्हणून अधिक संरक्षण दिले. म्हणजे सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव झाला, तरी झाडावर कुऱ्हाड चालवण्याचा अधिकार संस्थेला मिळत नाही. संस्थेच्या कारभाराविषयीचे वाद सहकार कायद्याच्या कलम ९१ नुसार सहकार न्यायालयात नेता येतात, पण तेथे लागणारा काळ पाहता तो शेवटचाच मार्ग ठरावा.

पुण्या-मुंबईच्या परिघावर उभ्या राहणाऱ्या नव्या नगरांमध्ये अमेरिकी वसाहतींचे रूप हौसेने उचलले जात आहे. सलग हिरवळ, एकसारखी घरे, विकासकाने आधीच ठरवलेले नियम, हे सारे त्याबरोबर येते. दरवर्षी उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या प्रदेशाने शोभेच्या गवताचा हट्ट धरावा काय, याचा विचार नियम लिहिला जातानाच व्हायला हवा. अमेरिकेने हा धडा दुष्काळ सोसून आणि न्यायालयांचे उंबरठे झिजवून घेतला. आपल्याला तो फुकट मिळत आहे. संस्थेच्या नियमावलीत कमी पाण्याच्या बागेचे दोन-तीन नमुने आधीच मंजूर करून ठेवणे आणि तक्रार लेखी घेण्यापूर्वी दोन्ही शेजाऱ्यांना एकदा समोरासमोर बसवणे, या दोन गोष्टींना खर्च काहीच येत नाही.

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागायची, असे आपल्याकडे म्हणतात. घरमालक संघटना हे रहिवाशांनी आपल्या सोयीसाठी राखलेले कुंपण आहे. ते शेजाऱ्या-शेजाऱ्यांमधील बोलण्याची जागा खाऊ लागते, तेव्हा कायद्याने त्याला आवर घालावा लागतो, आणि अमेरिकेतील राज्ये ते काम करीत आहेत. कुंपणापाशी जाऊन हाक मारण्याचे काम मात्र ज्याचे त्यालाच करावे लागणार आहे.